कुमारप्पा आणि हातकागद

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यात गळीत सुरू झाले म्हणजे उसाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक चिपाड शिल्लक राहते. कारखान्याच्या भाषेत तो बगॅस. साखर कारखान्यांत तो बहुतेक बॉयलरमध्येच जातो. कागदाच्या लगद्यासही तो चालतो. शेतातल्या अशा चोथ्याचा हिशेब वर्ध्याच्या मगनवाडीत ज्या गृहस्थाने आयुष्यभर मांडला, त्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचे नाव मात्र या ऊसपट्ट्यात क्वचितच निघते.

१८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये त्यांनी हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतले, मुंबईत व्यवसाय मांडला आणि पुढे अमेरिकेत सिराक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्राचा अभ्यास केला. कोलंबियातील त्यांच्या प्रबंधाचा विषय सार्वजनिक अर्थव्यवहार आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य हा होता. तो घेऊन १९२९ साली ते साबरमतीस गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांना खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या पाहणीस धाडले, आणि विलायती पेहरावातला हा हिशेबनीस खादीधारी झाला.

१९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे चिटणीसपद कुमारप्पांकडे आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाश्या यांबरोबर हातकागदाचे काम सुरू झाले. हा धंदा महाराष्ट्रास नवा नव्हता. जुन्नर आणि दौलताबाद येथील कागदी लोकांच्या मालावर मराठी दप्तरे लिहिली गेली होती. गिरणीच्या कागदाने तो बुडविला होता, इतकेच. चिंध्या, जुने तागाचे दोर, रद्दी, अंबाडी असे काहीही चुन्यात वा सोड्यात मुरवावयाचे, कुटून लगदा करावयाचा, हौदातून साच्यावर ताव उचलावयाचा, दाबून वाळवावयाचा, खळ देऊन घोटावयाचा. यात अवघड असे एकच, साचा उचलणाऱ्याचा हात. ताव सारखा येतो तो त्या हातामुळे. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली, तीही याच चळवळीच्या ओघात.

कुमारप्पांचे वेगळेपण या कृतीत नाही, तिच्या मागील हिशेबात आहे. जमिनीत साठलेले कोळसा-तेल हे एकदाच खर्च होणारे भांडवल. वनस्पती दरसाल उगवते ते उत्पन्न. शहाण्या समाजाने उत्पन्नावर जगावे, हा विचार त्यांनी १९४५ च्या सुमारास तुरुंगात लिहिलेल्या शाश्वत अर्थव्यवस्थेवरील पुस्तकात मांडला. पर्यावरण हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत सहसा दिसत नसे. त्यांच्या दृष्टीने कागदाच्या तावाची किंमत बाजारभावाने पुरी होत नाही. त्या तावामुळे गावात किती जणांस मजुरी मिळाली आणि कोणाचे रान उजाड झाले, हेही त्याच किंमतीत धरले पाहिजे. पुढे बांबूची जंगले मोठ्या कागदगिरण्यांना नाममात्र दराने मिळाली आणि बुरूड मात्र बांबूसाठी वणवण करू लागले, तेव्हा या हिशेबाचे मर्म लोकांस कळले.

त्यांची सगळी मते कोल्हापूरकरांना रुचण्यासारखी नाहीत. पांढऱ्या साखरेस त्यांचा विरोध होता. चांगली जमीन धान्यास द्यावी आणि गोडाची गरज ताडगुळावर भागवावी, असे ते म्हणत. सहकारी साखर कारखान्याने या भागात शाळा, रस्ते आणि हाती पैसा आणला, हे त्यांच्या हिशेबात बसत नाही. आणि येथे त्यांचा आग्रह एकांगी वाटतो. उलट, उसाने किती पाणी ओढले हा त्यांचा प्रश्न आजही टाळता येत नाही. हातकागदाचेही तसेच. सरकारी कचेऱ्यांनी तो नित्य वापरावा अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो लग्नपत्रिका आणि भेटवस्तूंच्या पिशव्यांपुरता उरला. ग्राहकच नसेल तर कारागिराचे कौशल्य प्रदर्शनात राहते, पोटाला लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये सादर झाला. त्यातील पुष्कळशा शिफारशी कागदावरच राहिल्या. दिल्लीतील नियोजनकर्त्यांची वाट अवजड कारखान्यांकडे वळली होती, आणि कुमारप्पा अधिकाधिक एकटे पडत गेले. वर्ध्याजवळच्या सेलडोह येथे काही वर्षे त्यांनी शेतीचा प्रयोग केला. मग प्रकृती ढासळल्यावर ते मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतनात राहावयास गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले.