भूक नसलेल्या माशासाठी : मेगन बॉइड यांचे जीवन

अरादची खाडी ओहोटीला दूरवर उघडी पडते. बहरीनच्या अशा उथळ किनाऱ्यांवर मासा धरण्याची जुनी रीत म्हणजे ‘हद्रा’. खजुरीच्या फांद्यांचे कुंपण पाण्यात उभे करायचे आणि ओसरत्या पाण्याबरोबर मासा आपोआप आत अडकेल याची वाट पाहायची. दुसरी रीत ‘गरगूर’, म्हणजे तारेचा घुमटाकार पिंजरा. दोन्हींत माणसाची बुद्धी भरती-ओहोटीशी आणि माशाच्या भुकेशी जोडलेली आहे. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या वाचकाला यात परके वाटावे असे काही नाही. परंतु मासेमारीची एक रीत अशीही आहे, जिच्यात माशाला भूकच नसते आणि गळाला लावलेले आमिष खाण्याजोगे नसते. त्या रीतीसाठी लागणारी पिसांची माशी बांधण्यात एका स्त्रीने जवळपास सहा दशके घालवली. तिचे नाव मेगन बॉइड.

ही पिसांची माशी इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणून ओळखली जाते. गळाच्या आकड्यावर रेशीम, जर, लोकर आणि पक्ष्यांची पिसे दोऱ्याने गुंडाळून ती तयार होते. ट्राउट माशासाठी बांधलेली माशी खऱ्या कीटकाची नक्कल असते. सामन माशाची गोष्ट निराळी. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत परततो. परतीच्या या प्रवासात तो जवळजवळ काहीच खात नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. तरीही पाण्यातून सरकणाऱ्या एखाद्या रंगीत माशीवर तो झडप घालतो. राग, कुतूहल की समुद्रातल्या भुकेची आठवण, यावर जाणकारांचे आजही एकमत नाही. त्यामुळे सामनची माशी निसर्गातल्या कोणत्याच जीवासारखी दिसत नाही. ती बांधणाऱ्याला समोर नमुना नसतो. असतो तो केवळ परंपरेने ठरलेला क्रम आणि स्वतःचा हात.

रोझिना मेगन बॉइड यांचा जन्म २९ जानेवारी १९१५ रोजी इंग्लंडमध्ये झाला. त्या तीन वर्षांच्या असताना वडिलांना स्कॉटलंडच्या उत्तरेकडील सदरलँड परगण्यात, ब्रोरा नदीवर राखणदाराचे काम मिळाले आणि कुटुंब तिकडे गेले. नोकरीसाठी बिऱ्हाड हलवलेल्या घरातली ही मुलगी पुढे त्या मातीत अशी रुजली, की तिचे नाव आता स्कॉटलंडबरोबरच घेतले जाते.

वडिलांचे मित्र बॉब ट्रसलर हेही राखणदारच होते आणि माश्या बांधण्यात तरबेज होते. बारा वर्षांची मेगन त्यांच्याकडे शिकायला बसली. त्यांची शिकवण्याची पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नवे सामान हाती देऊन नवी माशी बांधायला सांगण्याऐवजी ते तिला आधीच बांधलेली माशी सोडवायला लावत. दोऱ्याचा एकेक वेढा उलगडायचा, पीस वेगळे करायचे, जर सोडवायची, आणि मग तेच सामान वापरून तीच माशी अधिक लहान आकड्यावर पुन्हा बांधायची. सामान तेवढेच आणि जागा मात्र कमी. सोडवताना कोणत्या वेढ्याने काय धरून ठेवले होते ते डोळ्यांना कळे; बांधताना तेच बोटांना कळू लागे.

या पद्धतीचे मर्म कळण्यासाठी नवशिक्याची अडचण समजून घेतली पाहिजे. आकडा एका लहानशा पकडीत घट्ट बसवतात आणि त्यावर दोऱ्याचे वेढे घेत शेपटीकडून डोक्याकडे येतात. आधी शेपटीचे पीस, मग अंगाचे रेशीम, त्यावर जरीचे समान अंतरावरचे वळसे, मग गळ्याशी मऊ पिसाचा फेरा, त्यावर पंख, आणि शेवटी दोऱ्याचे छोटेसे डोके बांधून त्यावर वॉर्निश. ऐकायला सोपे; परंतु दोरा ताणला तर तुटतो आणि सैल सोडला तर बांधलेले सगळे आकड्याभोवती फिरू लागते. नवशिक्या हमखास जास्त सामान घालतो. शेपूट आणि अंग सजवण्याच्या भरात तो पुढे सरकत जातो आणि डोके बांधायची वेळ येते तेव्हा आकड्यावर जागाच उरलेली नसते. पहिला वेढा घेतानाच शेवटच्या वेढ्याची जागा राखून ठेवणे, हेच या कलेतले पहिले आणि कदाचित शेवटचे शिक्षण. ट्रसलर यांनी लहान आकड्याची सक्ती करून ते एका बारा वर्षांच्या मुलीच्या बोटांत उतरवले.

वयाच्या विसाव्या वर्षी, १९३५ मध्ये, मेगन ब्रोरा गावापासून काही मैलांवर किंट्रॅडवेल येथे एका लहानशा घरात राहायला गेल्या. समोर उत्तर समुद्र आणि बागेत पत्र्याची एक खोली. ती खोली हेच त्यांचे कामाचे ठिकाण. एक जुने ड्रेसिंग टेबल त्यांनी कामाचे मेज केले आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात दिवसाचे चौदा-चौदा तास त्या माश्या बांधत बसत. त्या घरात विजेचा दिवा आला तोही आयुष्याच्या उत्तरार्धात. तोवर संध्याकाळनंतरचे काम दिव्याच्या मंद ज्योतीवर चाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी दिवसा घरोघर दूध पोहोचवले आणि रात्री किनाऱ्यावर पहारा दिला. युद्ध संपले आणि त्या पुन्हा आपल्या मेजापाशी आल्या.

त्यांच्या मेजावर जगाचा नकाशाच मांडलेला असे म्हटले तरी चालेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आलेली ‘जॉक स्कॉट’ ही सामनची अभिजात माशी घ्या. तिच्या शेपटीला आणि पंखांच्या शिरोभागी चिनी सोनेरी फेझंटची तुरेदार पिसे लागतात. पंखांत टर्की आणि मोर. मिशांसाठी दक्षिण अमेरिकेतल्या मॅकॉची पिसे. अंग अर्धे पिवळ्या आणि अर्धे काळ्या रेशमाचे, त्यावर चंदेरी जर. आणि दोन्ही कुशींना, माशाला डोळा भासावा म्हणून, एक विलक्षण पीस लावतात: राखी रंगावर जणू मेणाचे पिवळसर थेंब गोठले आहेत असे. हे पीस आपल्या रानकोंबड्याच्या मानेचे. सह्याद्रीच्या रानात, महाबळेश्वर-कोयनेच्या झाडीत पहाटे ज्याची बांग घुमते तो हा राखी रानकोंबडा. साम्राज्याच्या व्यापारात त्याच्या माना बोटींतून विलायतेला गेल्या आणि तिथल्या माशीकारांना त्या पिसांवाचून चालेनासे झाले. पुढे भारतात निर्यातीवर बंधने आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण मिळाले आणि युरोपातल्या हौशी लोकांनी पिसांसाठी हा पक्षी पिंजऱ्यात वाढवायला सुरुवात केली. स्कॉटलंडमधल्या एका पत्र्याच्या खोलीत बसलेल्या बाईच्या बोटांशी आपल्या घाटमाथ्याचा हा असा संबंध होता.

व्यापाराची ही वाट एकेरी नव्हती, हे अरादमध्ये बसून सहज ध्यानात येते. शेजारच्या मुहर्रक शहरातून मोत्यांसाठी होड्या निघत. ते मोती मुंबईच्या बाजारात पोहोचत आणि ‘बसरा मोती’ या नावाने आपल्या आजी-पणजींच्या नथीत बसत. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी तो व्यवसाय मोडून काढला. मुहर्रकमधील त्याच्या खुणांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, तेव्हा मोत्यांसाठी बुडी मारणारी पिढी जवळपास संपली होती. सामनच्या अभिजात माशीवरही तसाच काळ आला. प्राण्यांच्या केसांचे साधे, स्वस्त, झटपट बांधता येणारे पंख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले. मासा त्यांनाही तितकाच भुलत होता. मग बारा-पंधरा प्रकारची पिसे जुळवत बसण्याचे कारण काय?

मेगन यांचे उत्तर त्यांच्या कामात दिसते. त्यांनी जुन्या माश्या सोडल्या नाहीत आणि नव्यांना नाकेही मुरडली नाहीत. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी माशी तर अगदी साधी, निळ्या-काळ्या रंगाची आणि लहान आहे. भर उन्हाळ्यात नदीचे पाणी आटून नितळ झाले आणि बाकी सारे उपाय थकले म्हणजे कामी यावी, यासाठी ती आहे. थाटाची माशी असो वा साधी, दोन्हींत वेढ्याचा ताण एकसारखाच असे. ब्रिटनचे युवराज चार्ल्स यांच्यापासून दूरदूरच्या देशांतल्या गळकऱ्यांपर्यंत लोक त्यांच्याकडे मागणी नोंदवत. मागण्या इतक्या साचत की लोकांना दीर्घकाळ थांबावे लागे. अशा वेळी हाताखाली माणसे घेणे, दर वाढवणे, दुकान थाटणे हे कुणालाही सुचले असते. मेगन यांनी दर अल्पच ठेवला आणि बोटे स्वतःचीच वापरली. शिकायला येणाऱ्यांना मात्र त्या शिकवीत.

गावात त्या सर्वांच्या ओळखीच्या होत्या. पुरुषी शर्ट, टाय आणि कोट, खाली लोकरी स्कर्ट, पायांत जाड बूट, आखूड कापलेले केस, हा त्यांचा नित्याचा वेष. स्कॉटिश लोकनृत्याची त्यांना मनापासून आवड होती. १९७१ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश एम्पायर मेडल’ जाहीर झाले. समारंभाला जायचे तर घरी कुत्र्याकडे पाहायला कोणी नाही, असे कळवून त्या गेल्याच नाहीत. पुढे युवराज चार्ल्स यांनी स्कॉटलंडमध्येच ते पदक त्यांच्या हाती दिले. या प्रसंगाला लोक लहरीपणा म्हणून हसतात. परंतु रोज आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाला सोडून शाबासकी घ्यायला जायचे नाही, हा हिशेब वाटतो तितका लहरी नाही. परदेशात नोकरी करताना असे हिशेब आपल्यापैकी अनेकांना मांडावे लागतात. आणि ते नेहमी त्यांच्याइतक्या चटकन सुटत नाहीत.

त्यांच्या जीवनातली सर्वांत मोठी विसंगती वेगळीच आहे. मेगन बॉइड स्वतः मासे धरत नसत. जीव घेण्याची कल्पनाच त्यांना सोसत नसे. ज्या माश्यांनी असंख्य सामन गळाला लागले, त्या बांधणारे हात त्या वधापासून दूर राहिले. याला ढोंग म्हणावे का, हा प्रश्न टाळता येत नाही. शस्त्र घडवणाऱ्या कारागिराला जो प्रश्न लागू पडतो, तो त्यांनाही लागू पडतो, आणि त्यांच्या दयाळूपणाने तो पुसला जात नाही. मात्र या दुराव्याचा कामावर एक परिणाम झाला. आपली माशी पाण्यात कशी सरकते, मासा तिच्यावर कसा येतो, याचे सुख त्यांनी घेतले नाही. फळाचा भाग दुसऱ्याच्या वाट्याला गेला आणि बांधणी तेवढी त्यांच्याकडे उरली.

अनेक दशके बारीक दोऱ्यावर रोखलेले डोळे अखेर थकले. १९८० च्या दशकात दृष्टी मंदावत गेली आणि त्यांना काम थांबवावे लागले. ज्या कामाने नाव दिले, त्याच कामासाठी ते डोळे खर्ची पडले होते. १५ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांचे सदरलँडमध्येच निधन झाले. वृत्तपत्रातला त्यांचा मृत्युलेख वाचून अमेरिकी दिग्दर्शक एरिक स्टील यांना त्यांच्यावर चित्रपट करावासा वाटला; ‘किस द वॉटर’ हा त्यांचा माहितीपट २०१३ मध्ये आला.

आज मेगन यांच्या माश्या संग्राहक मोठ्या किमतीला विकत घेतात आणि काचेच्या चौकटीत जडवून भिंतीवर लावतात. त्यांतल्या कित्येकींना पाणी कधी लागलेच नाही, आणि पुढे लागणारही नाही. पाण्यात भिजावी, खडकाला घासावी, एखाद्या संध्याकाळी झुडपात अडकून हरवावी, यासाठी बांधलेली वस्तू अशी जपली जाते, तेव्हा तिचे सौंदर्य टिकते; परंतु ती कशी बांधली हे काचेआडून कळत नाही. ते कळायचे असेल तर कोणीतरी जुनी माशी हाती घेऊन तिचा पहिला वेढा सोडवायला बसले पाहिजे, आणि शेजारी आणखी लहान आकडा तयार ठेवला पाहिजे.