रोगाचे मूळ समाजात शोधणारे डॉक्टर : रुडॉल्फ फिरखो

वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुडॉल्फ फिरखो हे नाव पहिल्या-दुसऱ्या वर्षीच भेटते. शरीरातील प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींमध्ये झालेला बिघाड होय, हा विचार त्यांनी १८५८ साली बर्लिनमधील व्याख्यानमालेतून मांडला आणि तो जगाने स्वीकारला. रक्ताच्या कर्करोगाला आज सर्वत्र रूढ असलेले ल्युकेमिया हे नावही त्यांचेच. परंतु सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या या शास्त्रज्ञाने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे गटारे, रुग्णालये, शाळा आणि गरिबांच्या झोपड्या यांच्यासाठी खर्ची घातली, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. पाठ्यपुस्तकात पेशी उरली आणि माणसे गळून पडली. या लेखात त्या माणसांकडे अधिक लक्ष द्यायचे आहे.

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियाच्या पोमेरानिया प्रांतातील शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. वडील शेती करीत आणि गावच्या तिजोरीचा हिशेब सांभाळीत. घरची स्थिती बेताची होती. मुलगा मात्र भाषांत आणि शास्त्रात सारखाच तरबेज निघाला. १८३९ साली त्याला बर्लिनमधील लष्करी वैद्यकीय संस्थेत प्रवेश मिळाला. होतकरू पण पैशाने दुबळ्या मुलांना ही संस्था विनामूल्य शिकवी आणि त्याच्या बदल्यात पुढे सैन्यात डॉक्टर म्हणून सेवा घेई. वसतिगृहाच्या आधाराने शिकलेल्यांना या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको. १८४३ साली ते डॉक्टर झाले आणि लवकरच शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम पाहू लागले.

फेब्रुवारी १८४८ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. प्रशियाच्या आग्नेय टोकाला असलेल्या अप्पर सायलेशियात टायफसची साथ थैमान घालीत होती. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारला काहीतरी केल्याचे दाखवणे भाग पडले, आणि पाहणीसाठी पाठवलेल्या डॉक्टरांमध्ये फिरखो यांची निवड झाली. त्या वेळी हा आजार उवांमार्फत पसरतो हे कोणालाही ठाऊक नव्हते, जंतूंचा शोधही लागायचा होता. तेव्हा या तरुणाजवळ डोळे, कान आणि वही एवढीच साधने होती.

जवळपास तीन आठवडे ते गावोगाव फिरले. तेथील बहुसंख्य शेतकरी पोलिश भाषा बोलणारे होते, तर राज्यकर्त्यांची भाषा जर्मन. शाळेत, कचेरीत, न्यायालयात या लोकांची बोली चालत नसे. बटाट्याचे पीक लागोपाठ बुडाले होते आणि बटाटा हेच त्यांचे मुख्य अन्न होते. लाकूड-मातीच्या ठेंगण्या घरात एकाच खोलीत माणसे आणि जनावरे राहत. जमीनदार दूर शहरात बसून वसुली करी, धर्मगुरू सहनशीलतेचा उपदेश करी आणि दारू उरलेसुरले हिरावून घेई. फिरखो यांनी घरांची रचना टिपली, धान्याचे भाव टिपले, मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, शवविच्छेदने केली. भूक आणि ज्वर यांना वेगळे करताच येत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले.

परत येऊन त्यांनी जो अहवाल लिहिला, त्यात औषधांचा भाग थोडा होता. एवढी मोठी साथ येते ती समाजाची घडी बिघडल्यामुळे येते, असे त्यांचे निदान होते, आणि उपचारही त्याच जातीचे होते. लोकांना राज्यकारभारात पूर्ण अधिकार द्यावा, पोलिश भाषेला शासनव्यवहारात स्थान द्यावे, मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण मिळावे, चर्चचा राज्यकारभाराशी संबंध तोडावा, कराचे ओझे गरिबांकडून श्रीमंतांकडे सरकवावे, रस्ते बांधावेत, शेती सुधारावी, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. साथीवर इलाज म्हणून मातृभाषेची शाळा सुचवणारा डॉक्टर पाहून मंत्रालयातील अधिकाऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. तेथील लोकांविषयी त्यांनी काही ठिकाणी तुच्छतेनेही लिहिले आहे, ते आळशी आणि गलिच्छ आहेत असे. वाचताना ते खटकते. पण त्या आळसाची आणि घाणीची जबाबदारी त्यांनी रक्तावर टाकली नाही, शेकडो वर्षांच्या गुलामीवर टाकली, हा फरक महत्त्वाचा आहे.

मार्चमध्ये बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला तेव्हा फिरखो नुकतेच परतले होते. ते स्वतः अडथळे उभारणाऱ्या नागरिकांत सामील झाले. त्याच वर्षी मित्र लॉइबुशर यांच्यासमवेत त्यांनी वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक काढले. वैद्यक हे मुळात समाजशास्त्र आहे, राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेले वैद्यक होय आणि गरिबांची वकिली करणे हे डॉक्टरांचे स्वाभाविक कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी त्यातून सातत्याने मांडला. क्रांती मोडली गेली. १८४९ मध्ये सरकारने त्यांच्या नोकरीवर गदा आणली आणि त्यांना बव्हेरियातील व्युर्झबुर्ग विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला. राजकारणापासून दूर राहण्याचे बंधन स्वीकारूनच ते तेथे गेले. ज्या सात वर्षांत त्यांचे तोंड बंद होते, त्याच काळात त्यांचे पेशींवरील सर्वांत मोठे काम आकाराला आले. या कामात रोबेर्ट रेमाक या ज्यू शास्त्रज्ञाने त्यांच्या आधी बराच मार्ग घालून दिला होता. त्याचे श्रेय मात्र फिरखो यांनी मोकळ्या मनाने दिले नाही.

१८५६ साली बर्लिनने त्यांना परत बोलावले. १८५९ मध्ये ते नगरपालिकेवर निवडून आले आणि मरेपर्यंत तेथून हलले नाहीत. प्रशियाच्या विधिमंडळातही ते गेले, बिस्मार्कच्या लष्करी खर्चाला विरोध करू लागले. १८६५ मध्ये बिस्मार्कने चिडून त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी किडे पडलेल्या मांसाचा तुकडा निवडला, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. गोष्ट रंगतदार आहे, पण ती दंतकथाच समजावी. मात्र डुकराच्या मांसातील कृमींमुळे माणसे मरतात हे दाखवून मांसतपासणीचा आग्रह त्यांनी धरला, हे खरे.

त्या काळचे बर्लिन दुर्गंधीचे शहर होते. रस्त्याच्या कडेने उघडी गटारे वाहत आणि घरातील मैला त्यांतच जाई. १८७१ मध्ये शहराची वस्ती आठ लाखांवर पोचली होती. अभियंता हॉब्रेख्ट यांनी भूमिगत गटारांची योजना आखली. तिच्यासाठी शास्त्रीय पाहणी करणे, मृत्यूंची आकडेवारी गोळा करणे आणि खर्चाला भिणाऱ्या नगरसेवकांना वर्षानुवर्षे समजावणे हे काम फिरखो यांनी केले. १८७३ मध्ये खोदाई सुरू झाली. शहराबाहेरच्या शेतांकडे सांडपाणी नेणारी ही व्यवस्था युरोपात वाखाणली गेली. शहराने स्वतःची मोठी रुग्णालये उभारली त्यामागेही त्यांचा हात होता. १८६९ साली त्यांनी शाळांविषयी लिहिले. अंधाऱ्या वर्गात अधू होणारे डोळे, चुकीच्या बाकांवर वाकणारे कणे, कोंदट हवा या सर्वांची त्यांनी दखल घेतली. मुलाच्या शरीराची जबाबदारी शाळेवरही असते, हे तेव्हा नवे होते.

शाळकरी मुलांशीच त्यांचे आणखी एक काम जोडलेले आहे, आणि माझ्या मते अप्पर सायलेशियाच्या अहवालाइतकेच ते मोलाचे आहे. १८७१ च्या युद्धात फ्रान्सचा पराभव झाल्यावर एका फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने प्रशियन लोक खरे जर्मन नव्हेतच, असा सिद्धान्त मांडला. जर्मनीत त्याविरुद्ध संताप उसळला आणि गोऱ्या, सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या शुद्ध वंशाचा डिंडिमही सुरू झाला. फिरखो यांनी वादात पडण्याऐवजी मोजायचे ठरवले. जर्मनीभर शाळाशिक्षकांमार्फत मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि त्वचेचा रंग नोंदवण्यात आला. हॅम्बुर्गने सहभागी होण्यास नकार दिला. पूर्वेकडील पोलिश भागात अफवा उठली की राजा पत्त्यांच्या डावात सोनेरी केसांची मुले तुर्कस्तानच्या सुलतानाला हरला आहे आणि त्यांना न्यायला गाड्या येत आहेत. घाबरलेल्या आयांनी मुले शाळेतून पळवून नेली. तरीही ६७ लाखांहून अधिक मुलांची नोंद झाली आणि १८८६ साली अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला.

आकडे शुद्ध वंशवाल्यांच्या पचनी पडणारे नव्हते. संपूर्ण गौर म्हणता येतील अशी मुले जेमतेम ३२ टक्के निघाली. अर्ध्याहून अधिक मुलांत सारे रंग मिसळलेले होते. ज्यू मुलांतही ११ टक्के मुले सोनेरी केसांची आणि निळ्या डोळ्यांची होती. राष्ट्र आणि वंश यांची गाठ कवटीवरून किंवा कातडीवरून बांधता येत नाही, हे एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच सिद्ध झाले. १८८० मध्ये ज्यूंविरुद्ध मोहीम पेटली तेव्हा फिरखो यांनी विधिमंडळात उभे राहून तिचा निषेध केला होता.

परंतु या पाहणीची एक बाजू मनाला टोचते. ज्यू मुलांची गणती वेगळी केली गेली. शिक्षकाने वर्गात त्यांना बाजूला काढले, तेव्हा शेजारी बसणाऱ्या मुलांना प्रथमच कळले असेल की हा आपल्याहून निराळा आहे. मी ज्या प्राथमिक शाळेत शिकलो तेथे शिष्यवृत्तीच्या यादीसाठी जातीनुसार हात वर करायला लावीत. हेतू मदतीचा होता, हे आज कळते. त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा एकट्याने खाल्ला, हेही आठवते. भेद खोटा ठरवण्यासाठी आधी तो मोजावा लागतो आणि मोजताना तो मुलांच्या मनात रुजू शकतो, या पेचातून फिरखो यांनाही वाट सापडली नाही.

त्यांचा दृष्टिकोन पुढे समुद्रापार गेला. बर्लिनमध्ये त्यांच्याकडून मापनशास्त्र शिकलेला फ्रान्झ बोआस हा तरुण अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध उभा ठाकला. बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात मे १९१६ मध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. ते विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात बाबासाहेबांनी नाकाच्या मापांचे आकडे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत असा निष्कर्ष काढला, तेव्हा मोजमापाचे शास्त्र भेदाच्या समर्थकांवरच उलटवण्याची हीच रीत त्यांनी वापरली होती.

फिरखो यांच्या चुकाही मोठ्या होत्या. बाळंतिणींचे प्राण वाचवण्यासाठी डॉक्टरांनी हात धुवावेत असे सांगणाऱ्या सेमेलवाइस यांना त्यांनी साथ दिली नाही. रोबेर्ट कॉख यांच्या जंतुसिद्धान्ताकडे ते दीर्घकाळ संशयाने पाहत राहिले. समाजाची दुरवस्था हेच मूळ कारण, या विचारात ते इतके रमले होते की जंतूला कारण मानले तर भुकेला आणि घाणीला सूट मिळेल, अशी भीती त्यांना वाटत असावी. निअँडरथल येथे सापडलेल्या प्राचीन मानवी हाडांना त्यांनी मुडदूस झालेल्या माणसाची हाडे ठरवले. वसाहतींतील लोकांच्या थडग्यांतून आणलेल्या कवट्याही त्यांच्या संग्रहात होत्या. वंशश्रेष्ठत्व नाकारणाऱ्या माणसाला त्या कवट्यांच्या वारसांची संमती घ्यावी असे वाटले नाही.

वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावरही त्यांचे काम थांबले नव्हते. ४ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नगरसेवकपदाचे त्रेचाळिसावे वर्ष चालू होते. ज्या शहराच्या पोटातून त्यांनी गटारे नेली होती, त्या शहराने त्यांना सार्वजनिक सन्मानाने निरोप दिला.