वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा माग

१९१० सालच्या अखेरीस अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २३ वर्षांची एक तरुणी दाखल झाली. चेहरा गोल झालेला, धडावर चरबी साठलेली, पाळी बंद, चेहऱ्यावर केस, पोटावर जांभळट पट्टे, डोकेदुखी आणि वाढलेला रक्तदाब. तिला तपासणारे शल्यचिकित्सक होते हार्वी कुशिंग. दोष मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीत आहे, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत की बीजांडात, हे त्यांना सांगता येईना. उत्तर सापडायला पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

कुशिंग यांचा जन्म १८६९ मध्ये क्लीव्हलंड शहरात, पिढीजात डॉक्टरांच्या घरात झाला. हार्वर्डमध्ये शिकत असताना त्यांनी भूल दिलेला एक रुग्ण दगावला. ती गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मग एका सहाध्यायाच्या साथीने त्यांनी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या नाडीची नोंद तक्त्यावर ठेवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये इटलीतील पाव्हिया येथे त्यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे साधन पाहिले आणि ते अमेरिकेत नेले. त्या तरुणीचा वाढलेला रक्तदाब लक्षात आला, तो याच सवयीमुळे.

पियूषिका ही जेमतेम वाटाण्याएवढी ग्रंथी. तिचे काम काय, हे त्या काळी धूसर होते. कुशिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत शंभराहून अधिक कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून ही ग्रंथी पूर्ण किंवा अंशतः काढली. अंशतः काढली की प्राणी सुस्त व लठ्ठ होत, पिल्लांची वाढ खुंटे, जननेंद्रिये आक्रसत. पूर्ण काढली तर प्राणी काही दिवसांत मरत. त्यावरून, या ग्रंथीविना जगणेच अशक्य आहे, असा निष्कर्ष कुशिंग यांनी काढला. तो चुकीचा ठरला. १९२० च्या दशकात फिलिप स्मिथ यांनी मेंदूला इजा न करता उंदरांची पियूषिका काढली. उंदीर जगले, पण त्यांची वाढ थांबली आणि थायरॉइड, अधिवृक्क व जननग्रंथी सुकल्या. शरीरातील इतर ग्रंथी तिच्या हुकमावर चालतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

पेशींचा तपास सूक्ष्मदर्शकाखाली चालला होता. पियूषिकेच्या पातळ कापांना रंग दिला की काही पेशींतील बारीक कण लालसर दिसत, काहींतील निळसर. हातपाय व जबडा वाढत जाणाऱ्या ॲक्रोमेगली या आजारात गाठीच्या पेशी लालसर कणांनी भरलेल्या असतात, हे बर्लिनच्या कार्ल बेंडा यांनी १९०० मध्ये दाखवले होते. १९०९ मध्ये कुशिंग यांनी अशाच एका शेतकऱ्याच्या पियूषिकेचा काही भाग काढला आणि त्याला आराम पडला. म्हणजे ग्रंथी जास्त काम करत होती, म्हणून आजार झाला होता.

मग निळसर कणांच्या पेशी वाढल्या तर? १९३२ मध्ये कुशिंग यांनी जुन्या-नव्या मोजक्या रुग्णांच्या नोंदी एकत्र मांडल्या. त्यांत बाल्टिमोरची ती तरुणीही होती. काहींच्या शवविच्छेदनात पियूषिकेत निळसर कणांच्या पेशींची अगदी छोटी गाठ सापडली होती. आजाराचे मूळ तीच, असे त्यांनी मांडले. एवढ्याशा गाठीने सारे शरीर बिघडते, हे अनेकांना पटले नाही. त्या तरुणीची पियूषिका तर कोणी पाहिलीच नव्हती. तरीही कुशिंग ठाम राहिले.

१९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक लहानशी, निरुपद्रवी गाठ आढळली. १९४३ मध्ये अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे पियूषिकेचे संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले की, ते कण म्हणजे संप्रेरकांच्या इवल्या पिशव्या. इशारा मिळताच पिशवी पेशीच्या कडेला येऊन उघडते आणि संप्रेरक शेजारच्या केशवाहिन्यांत जाते. गाठीमुळे हा पुरवठा थांबतच नाही. अधिवृक्क ग्रंथी जास्त कॉर्टिसॉल बनवते आणि ती सगळी लक्षणे उमटतात. आज एमआरआयवर अशी गाठ अनेकदा दिसते आणि नाकावाटे काढता येते. नाकावाटे जाण्याचा हा मार्ग कुशिंग यांनीही बरीच वर्षे वापरला होता.

पियूषिकेतील गाठीमुळे होणारा हा आजार विरळा आहे. पण तशीच लक्षणे दिसण्याचे आज सर्वांत मोठे कारण म्हणजे दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे. दमा, सांधेदुखी किंवा त्वचेच्या तक्रारींसाठी जुन्या चिठ्ठीवर त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चेहरा गोल होऊ लागला, सहज काळेनिळे डाग पडू लागले, रक्तदाब किंवा साखर वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. मात्र ही औषधे स्वतःहून एकदम बंद करू नयेत. या काळात पियूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात आणि औषध अचानक थांबल्यास जिवाला धोका होऊ शकतो.