विश्लेषण : महर्षी कर्वेंच्या महिला विद्यापीठामागे जपान कसा?

भारतातील पहिले महिला विद्यापीठ १९१६ मध्ये पुण्यात सुरू झाले, हे अनेकांना माहीत असते. त्याची कल्पना मात्र टोक्योतील एका संस्थेची माहिती वाचून आकाराला आली. ही कल्पना उचलणारे धोंडो केशव कर्वे तेव्हा ५७ वर्षांचे होते आणि जपान त्यांनी पाहिलेलाही नव्हता.

साताऱ्याने दार का बंद केले?

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे. १८७५ मध्ये मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी त्यांना सातारा गाठायचे होते. दिवस पावसाळ्याचे होते. सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवत ते साताऱ्यात पोहोचले. परीक्षेसाठी १७ वर्षे पूर्ण असण्याची अट होती. कर्वे यांचे वय भरले होते, पण चण लहान. दिसायला ते १७ वर्षांचे वाटत नाहीत, असे ठरवून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही.

त्या काळी सातारा जिल्हा आजच्या सांगलीतील वाळवा, तासगाव, खानापूरपर्यंत पसरलेला होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. एवढ्या मोठ्या मुलखातील मुलासाठीही परीक्षा ही इतकी दूरची गोष्ट होती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

जपान कुठून आला?

पुढे कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरुडकरांचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला स्थिरावला.

१९१५ मध्ये काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती पुस्तिका त्यांना पाठवली. कर्वे यांनी ती चाळून बाजूला ठेवली. त्याच वर्षअखेरीस मुंबईत भरणाऱ्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली.

त्या पुस्तिकेत काय होते?

टोक्योतील ही संस्था जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये स्थापन केली. योगायोग असा की नारुसे यांचेही जन्मवर्ष १८५८ च. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग नागरिक म्हणून शिकवायचे, हा त्यांचा क्रम होता.

कर्वे यांना त्यात दोन गोष्टी उपयोगाच्या वाटल्या. एक, उच्च शिक्षण मातृभाषेतून देता येते. जपानी मुली जपानीतून शिकत होत्या. मग मराठी मुलींनी मराठीतून का शिकू नये? दुसरी, आरोग्य, बालसंगोपन आणि गृहशास्त्र हे विषयही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मानाने बसू शकतात. इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीची राहिली.

आक्षेप काय होता?

जपानमधील सरकारी धोरणात मुलींच्या शिक्षणाचा उद्देश चांगली पत्नी आणि शहाणी आई घडवणे हा होता. पुण्या-मुंबईतील काही सुधारकांनी नेमके यावर बोट ठेवले. वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम पदवी, असे त्यांचे म्हणणे होते. तो आक्षेप पोकळ नव्हता.

कर्वे यांचे उत्तर व्यवहारी होते. मुंबई विद्यापीठाची वाट ज्यांना झेपेल, त्यांनी ती जरूर धरावी. पण ज्यांना ती कधीच झेपणार नाही, त्यांचे काय? १९११ च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांमागे साक्षर साधारण एक होती.

पुढे काय झाले?

१९१६ मध्ये विद्यापीठाचा पहिला वर्ग अवघ्या पाच विद्यार्थिनींवर सुरू झाला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली. त्यांनीही जपान दौऱ्यात टोक्योचे महिला विद्यापीठ पाहिले होते. त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला मिळाले. आजचे एसएनडीटी ते हेच.

कर्वे स्वतः जपानला पोहोचले ते १९२९-३० च्या जगप्रवासात, सत्तरी ओलांडल्यावर. टोक्योतील ती संस्था त्यांनी पाहिली, पण नारुसे १९१९ मध्येच वारले होते. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघांची भेट राहूनच गेली.

दोन्ही संस्थांना पूर्ण मान्यतेसाठी मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. जपानच्या संस्थेला विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा १९४८ मध्ये मिळाला, एसएनडीटीला १९५१ मध्ये. कर्वे यांना १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या साताऱ्याने त्यांना परीक्षेच्या दारातून परत पाठवले, तिथे आज त्यांच्याच संस्थेची कन्याशाळा आहे.