गणेशशंकर विद्यार्थी : हरताळ आणि हौतात्म्य

हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात गणेशशंकर विद्यार्थी यांचे नाव ‘प्रताप’शी कायमचे निगडित झाले आहे. अलाहाबादेस १८९० साली जन्मलेल्या विद्यार्थींनी नोव्हेंबर १९१३ मध्ये कानपुरात हे साप्ताहिक सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, रस्त्यासाठी मशिदीचा वजूचा भाग पाडल्यावरून, तेथे गोळीबार झाला होता. गल्लीतील वास्तू देशव्यापी प्रश्न कशी बनते, हे त्या शहराने तेव्हाच पाहिले होते.

पुढे शुद्धी आणि तंझीम या चळवळींनी, मिरवणुकांनी आणि मशिदीपुढील वाद्यांच्या वादांनी कानपूर दुभंगत गेले. काँग्रेसचे अग्रणी असलेले विद्यार्थी मार्च १९३१ मध्ये कारावासातून सुटले, ते या शहरात.

२३ मार्चला भगतसिंगांना फाशी झाली. कधीकाळी ‘प्रताप’मध्येच काम केलेल्या या तरुणासाठी दुसऱ्या दिवशी हरताळ पाळण्यात आला. हरताळ हा जणू राष्ट्राच्या सुतकाचाच विधी होता. दुकान मिटणारा आपला आणि उघडे ठेवणारा परका, अशी रेषा त्याने आखली. मुसलमान दुकानदारांवर सक्ती होताच दंगल पेटली.

सरकारने या सक्तीवर बोट ठेवले. भगवानदासांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस समितीने ब्रिटिश धोरणावर. विद्यार्थींनी मात्र कारणमीमांसेसाठी वाट पाहिली नाही. दोन्ही समाजांतील अडकलेल्यांना सोडवीत हिंडत असता २५ मार्चला ते मारले गेले. आपल्याच पक्षाच्या शोकविधीतून उसळलेल्या हिंसेचे उत्तरदायित्व त्यांनी असे स्वतःच्या शिरावर घेतले.