फुलांचा चित्रकार रदूते

चित्रकलेच्या तासाला आम्ही मुलांसमोर जास्वंदीचें एखादें फूल ठेवतों, तेव्हां बहुतेक मुलें प्रथम कुंडी काढतात, मग फूल काढतात, आणि उरलेल्या जागेंत घर, डोंगर व सूर्य बसवितात. कोऱ्या कागदावर नुसतें एक फूल काढलें, तर चित्र अपुरें राहिलें असें त्यांना वाटतें. पालकांपैकीं कांहींजण तर आम्हांस सरळच विचारतात कीं, फुलें रंगवून मुलाचें पुढें काय व्हावयाचें ? या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं तयार नाहीं. परंतु ज्या पुरुषानें अर्धशतकाहून अधिक काळ जवळ जवळ फुलांवांचून दुसरें कांहीं रंगविलें नाहीं, त्याचें चरित्र मात्र आम्ही वाचलें आहे, व तेंच येथें सांगणार आहों.

पिएर-जोझेफ रदूते याचा जन्म १० जुलै १७५९ रोजीं आर्डेनच्या अरण्यमय प्रदेशांतील सेंत-ह्युबेर या गांवीं झाला. हें गांव आज बेल्जियममध्यें मोडतें; त्या काळीं त्या नांवाचें राष्ट्रच अस्तित्वांत नव्हतें. घराण्यांत चित्रकला पिढीजात होती. बाप व आजा दोघेही रंगाऱ्याचा व्यवसाय करीत, आणि सुताराच्या मुलानें रंधा हातीं घ्यावा तितक्या सहजतेनें या घरांतील मुलें कुंचला हातीं घेत. वयाच्या तेराव्या वर्षीं पिएर पोट भरण्याकरितां घराबाहेर पडला. पुढें सुमारें दहा वर्षें तो फ्लांडर्स व हॉलंड या मुलखांत हिंडला. कोठें श्रीमंतांच्या भिंती रंगवाव्या, कोठें एखाद्याची तसबीर काढावी, कोठें देवळासाठीं चित्र करावें, असा त्याचा क्रम होता. ॲम्स्टरडॅम येथें व्हान हौसम नांवाच्या जुन्या चित्रकाराचीं पुष्पचित्रें त्याच्या पाहण्यांत आलीं आणि त्याचें मन त्या विषयाकडे ओढलें गेलें.

१७८२ सालीं तो पॅरिसला आपल्या वडील भावाकडे आला. भाऊ नाटकगृहाचे पडदे रंगवीत असे. धाकटाही त्याच कामास लागला. दिवसभर हातभर रुंदीच्या कुंचल्यानें राजवाडे व अरण्यें रंगवावीं आणि वेळ मिळेल तेव्हां राजाच्या वनस्पति-उद्यानांत जाऊन बोटभर फुलाचें चित्र काढीत बसावें, असा त्याचा दिनक्रम झाला. तेथेंच लेरितिए या गृहस्थाची दृष्टि त्याजवर पडली. लेरितिए हा पेशानें न्यायाधीश, परंतु वनस्पतिशास्त्राचा मोठा व्यासंगी होता. त्यानें या तरुणाला आपलें ग्रंथालय मोकळें करून दिलें, व फूल उलगडून त्याचे केसर, किंजल्क व बीजकोश कसे पाहावे हें शिकविलें. रंगाऱ्याचा वनस्पतिचित्रकार झाला तो येथें. आमच्या मतें रदूतेच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें भाग्य हेंच होय. पुढें राण्या भेटल्या त्या मागाहून.

हा लेरितिए मोठा धाडसी होता. दोंबे नांवाच्या प्रवाशानें पेरू देशांतून आणलेला वाळलेल्या वनस्पतींचा संग्रह प्रसिद्धीसाठीं त्याच्या हातीं होता. स्पेनच्या सरकारानें त्यावर हक्क सांगितला व संग्रह परत करण्याचा हुकूम निघाला. ही बातमी कानीं पडतांच यानें घाईघाईनें सगळीं बाडें बांधलीं आणि तीं घेऊन लंडन गांठलें ! या कृत्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. परंतु त्यामुळें १७८७ सालीं रदूतेलाही लंडनला जावयास मिळालें, आणि क्यूच्या प्रसिद्ध उद्यानांतील फुलें त्यानें तेथें बसून चितारलीं.

दुसरा गुरु व्हान स्पेंडोंक. राजोद्यानांत पुष्पचित्रणाचें अध्यापन त्याजकडे असे. वासराच्या कमावलेल्या, कागदासारख्या पातळ व गुळगुळीत कातड्यावर जलरंगांनीं चित्रें काढण्याची विद्या रदूतेनें याजपासून घेतली. या कातड्यावर रंग झटकन् शोषला जात नाहीं, त्यामुळें पाकळीचा तजेला जसाच्या तसा राहतो. पण एकावर एक पातळ थर चढवितांना खालचा थर उठून येण्याची भीति असते, म्हणून हात फार हलका लागतो. गंमत अशी कीं, ज्यांनीं रदूतेला पाहिलें ते त्याचें वर्णन स्थूल देहाचा, बोजड अवयवांचा व जाड बोटांचा मनुष्य असेंच करतात. त्याच बोटांनीं तो गुलाबाच्या देंठावरील केसासारखी लव रंगवी. चित्रांत कुंडी नाहीं, मेज नाहीं, मागें पडदाही नाहीं. फूल, पान, देंठ, कधीं कंद, व भोंवतीं मोकळी जागा एवढेंच. पांढऱ्या भूमीवर पांढरें फूल दाखवावयाचें तर काय करावें, हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस नेहमीं पडतो. रदूतेची पांढरी लिली पाहा : फिकट करडा व हिरवट छायारंग तेवढा दिलेला असतो, आणि उजेड कातड्याचाच असतो.

राणी मारी आंत्वानेत हिच्या पदरीं त्यास चित्रकाराची जागा मिळाली. राणी तुरुंगांत असतां मध्यरात्रीं एका निवडुंगाचें फूल रंगविण्यास त्याला बोलावणें आलें, अशी एक कथा सांगतात. ती आम्ही दंतकथाच समजतों. राज्यक्रांतींत राजाराणीचीं मस्तकें उडालीं, पण उद्यान उरलें. १७९३ सालीं त्याचें राष्ट्रीय संग्रहालयांत रूपांतर झालें व रदूते आणि त्याचा धाकटा भाऊ आंरी हे दोघेही तेथें चित्रकार म्हणून राहिले. बाहेर रोज माणसें वधस्तंभाकडे नेलीं जात होतीं, आणि आंत हे भाऊ केसर मोजीत होते. यास कोणी भ्याडपणा म्हणेल. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. लेरितिए तुरुंगांतून जिवंत सुटला, परंतु १८०० सालीं स्वतःच्या घराजवळच त्याचा खून झाला. मारेकरी कधींच सांपडले नाहींत.

नेपोलियनची पत्नी जोझेफिन हिनें १७९९ सालीं पॅरिसजवळील माल्मेझों येथील वाडा घेतला. तिला फुलांचें विलक्षण वेड. इंग्लंडशीं युद्ध पेटलें असतांही ती लंडनच्या रोपवाल्यांकडून रोपें मागवीत असे. तिनें रदूतेला वर्षास १८,००० फ्रँक वेतन देऊन नेमलें. त्याच्या ‘ले लिलियासे’ या महाग्रंथाचे आठ भाग १८०२ ते १८१६ या काळांत निघाले. त्यांत ४८६ चित्रें आहेत. लिलीसारख्या रसाळ वनस्पति दाबून वाळविल्या म्हणजे त्यांचा रंग व आकार दोन्ही जातात. मागाहून अभ्यास करणाराच्या हातीं काळवंडलेला चोथा तेवढा लागतो. म्हणून फूल जिवंत आहे तोंवरच त्याचें चित्र व्हावयास पाहिजे होतें. सकाळीं उमललेलें फूल संध्याकाळपर्यंत थांबत नाहीं, हें आमच्या मुलांसही ठाऊक आहे.

या ग्रंथांत केवळ परदेशी फुलें आहेत असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत कुंपणावर चढणारी तांबडी-पिवळी कळलावी त्यांत आहे. रजनीगंधा आहे. आणि केळ आहे, केळफुलासह ! आपण ज्याची भाजी करतों, त्या केळफुलाची जांभळी साल व तिच्या आंत ओळीनें बसलेलीं कोंवळीं फुलें एखाद्या राणीच्या तसबिरीइतक्या आदरानें रंगविलेलीं आहेत.

चित्रें छापण्याची रीतही सांगण्याजोगी आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेघांऐवजीं असंख्य बारीक ठिपके कोरीत. मग कापडाच्या लहान बोळ्यांनीं पत्र्यावर जागोजागीं निरनिराळे रंग भरून एकाच दाबानें ठसा घेत. प्रत्येक प्रतीकरितां हे रंग पुन्हां भरावे लागत, व शेवटीं कुंचल्यानें हात फिरवावा लागे. रेघ नसल्यामुळें पाकळीची कड मऊ दिसते.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘ले रोझ’ हा १८१७ ते १८२४ या काळांत खंडशः निघाला. मजकूर तोरी या वनस्पतिशास्त्रज्ञाचा होता. यांतील सगळे गुलाब जोझेफिनच्याच बागेंतले, असा एक सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ती १८१४ सालींच वारली होती, व चित्रकारानें पॅरिसच्या आसपासच्या इतर बागांतूनही गुलाब घेतले होते. त्यांपैकीं कांहींना ‘भारतीय’ गुलाब असें नांव आहे. ते मूळचे चीन देशचे. परंतु जहाजें कलकत्त्यावरून येत, म्हणून युरोपांत त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. आपल्या देशाला न मागतां मिळालेला हा मान !

आतां दुःखाची गोष्ट. रदूतेला पैसा मिळविण्याची विद्या आली, राखण्याची आली नाहीं. पॅरिसमध्यें राहतें घर, फ्लरी येथें बागेसह दुसरें घर, सढळ हात व मोठा थाट, असें त्याचें वागणें होतें. आश्रयदात्री गेल्यावर तें वेतन थांबलें, आणि थाट मात्र तसाच राहिला. १८२२ सालीं त्यास संग्रहालयांत चित्रकलेचा अध्यापक नेमलें, १८२५ सालीं लीजन ऑफ ऑनरचा बहुमान मिळाला, त्याच्या वर्गाला मोठमोठ्या घराण्यांतील स्त्रियांची गर्दी होई. तरीही कर्ज फिटेना. म्हातारपणीं त्याला घरांतील सामान व चित्रें विकावीं लागलीं. पालकांच्या प्रश्नांत तथ्य आहे, हें आम्हांस येथें कबूल केलें पाहिजे. मात्र कर्ज झालें तें खर्चामुळें. फुलांनीं त्याला शेवटपर्यंत काम दिलें. सत्तरी ओलांडली तरी तो रोज कुंचला घेऊन बसत असे, आणि १४४ निवडक फुलाफळांचा त्याचा संग्रह १८३३ सालीं पुरा झाला, तेव्हां त्याचें वय चौऱ्याहत्तरीच्या घरांत होतें.

१८४० च्या जून महिन्यांत एके दिवशीं तो एक पांढरी लिली हातीं घेऊन निरखीत होता, असें सांगतात. तेवढ्यांत त्याला झटका आला, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. पॅरिसच्या पेर लाशेझ स्मशानभूमींत त्याला पुरलें. त्यानें रंगविलेलीं अनेक चर्मचित्रें पॅरिसच्या त्याच संग्रहालयांत आजही जपून ठेवलेलीं आहेत.