रंगो बापूजी : साताऱ्याच्या न्यायासाठी लंडनमध्ये चौदा वर्षे

महाबळेश्वरला सहलीस गेलेल्या आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी लॉडविक पॉइंट पाहिला असेल. ज्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने तो कडा ओळखला जातो, तो १८२४ साली महाबळेश्वरच्या डोंगरावर चढून गेला आणि पुढे साताऱ्याच्या दरबारात कंपनी सरकारचा रेसिडेंट झाला. परंतु याच लॉडविकने उतारवयात लंडनमध्ये उभे राहून साताऱ्याच्या महाराजांच्या बाजूने आपले मत मांडले, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. त्या लढ्याचा प्राण होता एक मराठी माणूस. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते.

रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातील. शिवाजी महाराजांच्या आरंभीच्या काळातील सहकारी दादाजी नरस प्रभू हे त्यांचे पूर्वज. छत्रपतींच्या घराण्याशी असलेला हा ऋणानुबंध पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. रंगो बापूजींच्या वाट्याला तो अत्यंत कठीण काळी आला.

पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला व साताऱ्याचे राज्य त्यांच्या हाती ठेवले. आजच्या सातारा जिल्ह्याबरोबर सांगली जिल्ह्यातील वाळवा, खानापूर हा मुलूखही त्यात मोडत होता. जत व औंध येथील जहागीरदारही साताऱ्याच्या छत्राखाली होते. प्रतापसिंह हे प्रजेचे हित पाहणारे राजे होते. त्यांनी रस्ते बांधले, शहराला पाणी आणले, शाळा व छापखाना काढला. त्यांच्या उत्तम कारभाराबद्दल कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी १८३५ साली त्यांच्यासाठी मानाची तलवार पाठवली. ती तलवार महाराजांच्या हाती कधीच पडली नाही. मुंबई सरकारने ती अडवून ठेवली.

दुराव्याचे मूळ जहागिरींच्या वादात होते. जहागीरदारांवरील हक्क तहाप्रमाणे आपला आहे, असे महाराजांचे म्हणणे होते आणि ते लंडनपर्यंत दाद मागू लागले होते. मुंबई सरकारला हे रुचले नाही. थोड्याच काळात महाराजांवर तीन आरोप ठेवण्यात आले : कंपनीच्या पलटणीतील देशी अधिकाऱ्यांना फितवल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी गुप्त संधान बांधल्याचा आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी मसलत केल्याचा. कंपनीची अवाढव्य फौज समोर असताना साताऱ्यासारख्या लहानशा राज्याने असा घाट घातला, यावर विश्वास ठेवणे अवघड होते. तरीही महाराजांना आरोपांची कागदपत्रे दाखवून उघडपणे बचाव करण्याची संधी देण्यात आली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. महाराजांनी दोष मान्य करणाऱ्या कागदावर सही करावी, म्हणजे गादी राहील, अशी त्यांची अट होती. जे आपण केलेच नाही त्यावर सही करण्यास महाराजांनी नकार दिला. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पालखीतून साताऱ्याबाहेर नेण्यात आले व पुढे काशीस ठेवण्यात आले. गादीवर त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवण्यात आले.

महाराजांची बाजू विलायतेत मांडण्यासाठी वकील म्हणून रंगो बापूजी निघाले. सुएझचा कालवा सुरू झाला तो १८६९ साली. त्याच्या तीस वर्षे आधीचा हा प्रवास आहे. महिनोन्महिन्यांचा समुद्र, परकी भाषा, परके अन्न, सोसवेना अशी थंडी. शिवाय समुद्र ओलांडणाऱ्यास जातीबाहेर टाकण्याचा तो काळ. घरदार मागे ठेवून रंगो बापूजी लंडनला पोहोचले आणि तेथेच सुमारे चौदा वर्षे राहिले.

त्यांचे काम कसे चालत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. कंपनीचा कारभार लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाऊसमधून चाले. तेथील संचालक मंडळाच्या निर्णयावर भागधारकांच्या सभेत चर्चा होऊ शके. रंगो बापूजी इंग्रजी शिकले, कागदपत्रे जमवली, अर्ज लिहिले, पुस्तिका छापून वाटल्या आणि या सभेतील सभासदांची मने वळवण्याचा प्रयत्न केला. गुलामगिरीविरुद्ध लढणारे प्रसिद्ध वक्ते जॉर्ज थॉम्सन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. खासदार जोसेफ ह्यूम यांनी पार्लमेंटात हा प्रश्न उपस्थित केला. आणि ज्यांच्या रेसिडेंटपदाच्या काळात चौकशीला सुरुवात झाली होती, त्या लॉडविक यांनीही महाराजांना न्याय मिळावा म्हणून आवाज उठवला.

पुरावेही एकेक करून ढासळू लागले. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावाने सरकारकडे आलेला एक अर्ज आरोपांचा मोठा आधार मानला गेला होता. तो आपण रचला होता, असे पुढे एका तिऱ्हाईत माणसानेच कबूल केले. अशा गोष्टी रंगो बापूजींच्या बाजूने पुन्हा पुन्हा मांडल्या गेल्या. सभेत भाषणे होत, टाळ्या पडत, मतदान होई आणि निकाल पूर्वीचाच कायम राही. एकदा चूक कबूल केली तर हिंदुस्थानातील आपल्या अधिकाऱ्यांचा दरारा जाईल, ही भीती सत्यापेक्षा वरचढ ठरत होती.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराजांनी काशी येथे देह ठेवला. ज्यांच्यासाठी वकिली पत्करली ते धनीच राहिले नाहीत. रंगो बापूजींनी तेव्हा परतीची वाट धरली असती, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. पण महाराजांचे दत्तक पुत्र शाहू यांच्या हक्कासाठी ते लंडनमध्येच थांबले. पाठोपाठ दुसरा आघात झाला. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर या दोघांनीही दत्तक मान्य करावा असे मत दिले. तरी गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केले. दत्तक नाकारून डलहौसीने घेतलेले हे पहिले संस्थान. पुढे हाच न्याय नागपूर व झाशीला लावण्यात आला.

आता पैसा येण्याचे मार्ग आटले. रंगो बापूजी कर्जात बुडाले, तरी अर्ज थांबले नाहीत. अखेर १८५३ साली त्यांची देणी भागवून त्यांना मायदेशी पाठवण्याची तजवीज खुद्द कंपनीनेच केली. ज्या दाराशी चौदा वर्षे न्याय मागितला, त्या दारातून मिळाले ते परतीचे भाडे.

मायदेशी परतलेला हा माणूस पूर्वीचा राहिला नव्हता. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्याने आयुष्याचा उत्तम काळ खर्च केला होता आणि त्या विश्वासाचे फळ त्याला कळले होते. १८५७ साली उत्तरेत उठाव झाला, तेव्हा सातारा भागातही गुप्तपणे माणसे जमवली जात होती व त्यामागे रंगो बापूजी होते. बेत फुटला. राजघराण्यातील मंडळींना ऑगस्टमध्ये साताऱ्याबाहेर हलवण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी बांधून उडवले आणि सहा जणांना गोळ्या घातल्या. या सतरा जणांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

स्वतः रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास पाचशे रुपयांचे इनाम जाहीर केले. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती, तरीही कोणी त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही. मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांना कोठे आणि कोणाच्या तोंडून कळली असेल? ते कोठे गेले आणि कोठे विसावले, याची नोंद इतिहासात नाही.

प्रिय वाचकहो, जगाच्या हिशेबाने पाहिले तर रंगो बापूजींना एकाही कामात यश आले नाही. राज्य गेले, धनी गेले, मुलगा गेला. पण महाराजांनी खोट्या कागदावर सही केली नाही आणि त्यांच्या वकिलाने खरे बोलण्याचा कंटाळा केला नाही, म्हणूनच साताऱ्यावर झालेला अन्याय आज आपल्याला तपशीलवार ठाऊक आहे. त्यांनी लिहिलेल्या व छापलेल्या कागदांनी ती साक्ष जपली. गेंडामाळावर आज हुतात्म्यांचे स्मारक आहे. साताऱ्यास जाणे झाले तर तेथे क्षणभर थांबावे, आणि तेथे ज्याचा मुलगा गेला त्या बापाचीही आठवण करावी.